डिकीतला बॉम्ब, गाडीतला रेडिओ: एका पहिल्या शॉटचं प्रकरण

थ्रिलरच्या सुरुवातीबद्दल बोलताना एक अडचण हमखास येते. दृश्य अंगावर येतं हे सगळ्यांनाच जाणवतं, पण नेमकं कशामुळे, यावर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कोणी कॅमेऱ्याला श्रेय देतं, कोणी संगीताला, कोणी पटकथेला. वाद मिटत नाही, कारण चित्रपट एकच असतो. त्यातली एक बाजू तशीच ठेवून दुसरी बदलून पाहायची सोय नसते.

दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'च्या पहिल्या शॉटच्या बाबतीत मात्र ती सोय आहे, म्हणून हे प्रकरण घेतलं. चित्रपट १९५८ साली प्रदर्शित झाला. चाळीस वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याचं नव्याने संकलन झालं आणि तोच शॉट पुन्हा लोकांसमोर आला. माणसं, रस्ता आणि कॅमेऱ्याची चाल सगळं जिथल्या तिथे. चित्रावरची श्रेयनामावली तेवढी गेलेली आणि आवाज पूर्ण बदललेला. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ पाहिल्या की ताणाचा कुठला भाग डोळ्यांतून येतो आणि कुठला कानांतून, हे बऱ्यापैकी वेगळं काढता येतं.

पडद्यावर काय घडतं

पडदा उजळतो तो दोन हातांवर. हातांत डायनामाइटच्या कांड्या आणि त्यांना जोडलेला टायमर. बोटं काटा फिरवतात. कुठून तरी बाईच्या हसण्याचा आवाज येतो, तसा कॅमेरा झर्रकन वळतो आणि दूर, कमानींच्या ओळीच्या टोकाला एक जोडपं दिसतं. बॉम्बवाला पळत सुटतो. त्याची सावली भिंतीवरून सरकते. उघड्या टपाच्या एका गाडीपाशी तो थांबतो, डिकीत बॉम्ब ठेवतो आणि अंधारात नाहीसा होतो. त्याचा चेहरा आपण धड पाहिलेलाही नसतो.

जोडपं येऊन गाडीत बसतं. पुरुष मध्यमवयीन, पैसेवाला. बरोबरची बाई तरुण. गाडी निघते. क्रेनवरचा कॅमेरा उंच उचलला जातो, गाडी इमारतीच्या मागे जाते आणि आपण छपरावरून पलीकडे पोहोचतो तोवर ती रस्त्यावर आलेली असते. मग कॅमेरा खाली उतरून तिच्यापुढे मागे सरकू लागतो. गाव मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरचं आहे, चित्रपटात त्याचं नाव लॉस रोब्लेस. चित्रीकरण झालं लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागात, रात्रीच्या वेळी. छायालेखक रसेल मेटी.

थोड्या वेळाने फ्रेममध्ये दुसरं एक जोडपं येतं, पायी चालणारं. हा माइक व्हर्गास, मेक्सिकोचा बडा पोलीस अधिकारी (चार्लटन हेस्टन), आणि ही त्याची नवी नवरी सूझन (जॅनेट ली). कॅमेरा आता त्यांच्याबरोबर चालू लागतो. गाडी कधी त्यांच्या पुढे, कधी मागे, कधी फ्रेमच्या बाहेर. दोन्ही जोडपी सीमेवरच्या चौकीशी एकाच वेळी पोहोचतात. तिथे दोन-चार वाक्यांची विचारपूस होते. गाडी निघून जाते. नवरा-बायको एकमेकांच्या जवळ येतात आणि स्फोटाचा आवाज होतो.

इथवर सुमारे तीन मिनिटं वीस सेकंद झालेली असतात आणि मध्ये एकही कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर उडी, नसतो.

कोणाला ठाऊक आहे

थ्रिलरसाठी गाजलेला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक, त्याचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण चित्रपटाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर आलेलं असतं. १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्याने ते मांडलं. टेबलाभोवती माणसं गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवा, तर त्याच रटाळ गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतील. वेल्सचा शॉट या नियमाची सरळसरळ अंमलबजावणी वाटते, आणि बरेच लेख इथेच थांबतात.

पण बॉम्ब दाखवला की ताण आपोआप तयार होतो, हे खरं नाही. बॉम्ब आधी दाखवूनही निपचित पडलेले कितीतरी चित्रपट आपण पाहिले आहेत. माहिती दिल्यानंतर प्रेक्षकाला काम काय दिलं, हा प्रश्न उरतोच. सामान्यतः दिग्दर्शक दर पंधरा सेकंदांनी कट करून टायमरचा काटा दाखवत राहतो. त्यात प्रेक्षकाला काही करावंच लागत नाही. किती वेळ उरला ते पडदाच सांगतो. वेल्स सुरुवातीला काही सेकंद बॉम्ब दाखवतो आणि पुन्हा कधीच दाखवत नाही. डिकी बंद झाली की बॉम्ब आपल्या डोक्यात राहायला येतो. तिथून पुढे तो सांभाळायची जबाबदारी आपली, आणि कॅमेरा मात्र जणू ते विसरूनच गेलेला असतो. तो छपरं दाखवतो, गर्दी दाखवतो, आणि शेवटी एका भलत्याच जोडप्याच्या मागे लागतो.

घालमेल सुरू होते ती इथे. गाडी नजरेआड गेली की आपण ती शोधू लागतो. दिसली की बरं वाटतं आणि लगेच लक्षात येतं की बरं वाटण्यासारखं काही नाही, कारण ती आता या नव्या जोडप्याच्या अगदी जवळ आहे. न दिसलेली गाडी आणि दिसलेली गाडी, दोन्हींची भीती वाटते. सव्वातीन मिनिटांत प्रेक्षकाला हा हेलकावा अनेकदा बसतो, तोही कोणी ओरडत नाही, पळत नाही, मागे वळून बघत नाही अशा दृश्यात.

शेळ्यांचं महत्त्व

या शॉटबद्दल बोलताना लोक क्रेनचं कौतुक करतात. मला जास्त कौतुक वाहतुकीच्या पोलिसाचं आणि शेळ्यांचं वाटतं.

हिशेब साधा आहे. गाडी गाडीच्या वेगाने आणि माणसं माणसांच्या वेगाने चालली, तर अर्ध्या मिनिटात गाडी सीमेपार गेलेली असेल आणि व्हर्गास पती-पत्नी मागे सुखरूप. ताण शिल्लकच राहणार नाही. म्हणून गाडीला सतत अडवावं लागतं. चौकात पोलीस हात दाखवतो. कोणी गाडा ढकलत आडवा जातो. पुढे शेळ्यांचा कळप रस्त्यात येतो. मग चौकी. प्रत्येक अडथळा त्या गावात अगदी स्वाभाविक आहे, संशय यावा असा एकही नाही, आणि प्रत्येकाने गाडीचा वेग पायी चालणाऱ्यांच्या वेगावर आणून ठेवलेला आहे. घड्याळ पुढे जातं, अंतर मात्र वाढत नाही. पटकथेच्या अंगाने पाहिलं तर हेच या दृश्याचं यंत्र आहे. कॅमेऱ्याची कसरत त्याच्यानंतर येते.

या अडथळ्यांचा आणखी एक फायदा. प्रत्येक वेळी प्रेक्षकाच्या मनात 'चला, निघा लवकर' असं येतं. कोणाला उद्देशून? गाडीतल्यांना, की पायी चालणाऱ्यांना? गाडी पटकन गेली तर व्हर्गास वाचतो, पण गाडीतली माणसं तरीही मरणारच. म्हणजे आपण नकळत निवड करून बसलेलो असतो. ज्यांची नावंही धड कळलेली नाहीत त्यांच्यातले दोघं आपण मनातल्या मनात सोडून दिले. पडद्यावर हेस्टन आणि ली असे नावाजलेले चेहरे आले की ही निवड आणखी सोपी होते. वेल्सने ती मुद्दाम करायला लावली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ज्या चित्रपटाचा विषयच न्याय कोणाला आणि कोणाच्या जिवावर असा आहे, त्याची सुरुवात अशी व्हावी हे जुळतं खरं.

कट का नाही

कट नसणं हे शोभेसाठी नाही. कट झाला की वेळेचा विश्वास जातो. दोन कटांच्या मध्ये पाच मिनिटंही गेली असतील किंवा दोन सेकंदही, आणि चित्रपटातली शेवटची दहा सेकंदं मिनिटभर ताणली जातात हे प्रेक्षक लहानपणापासून शिकलेला असतो. न तुटणारा शॉट ही पळवाट बंद करतो. बोटांनी काटा फिरवला त्या क्षणापासून पडद्यावरचं मिनिट आणि खुर्चीतलं मिनिट एकच होतं. टायमर पुन्हा दाखवायची गरज पडत नाही, कारण शॉटच टायमर झालेला असतो.

यामुळेच नुसत्या लांब शॉटने ताण येतो हा समज फसवा आहे. रॉबर्ट ऑल्टमनच्या 'द प्लेयर'ची (१९९२) सुरुवात साधारण आठ मिनिटांच्या सलग शॉटने होते आणि त्यातलं एक पात्र वेल्सच्या याच शॉटचे गोडवे गात असतं. तिथे बॉम्ब नाही, म्हणून आपण हसतो; शॉट लांबतो तशी गंमत वाढते, धाकधूक नाही. ऑल्टमनने ते जाणूनबुजून केलं. त्याच्यानंतर कित्येकांनी लांब शॉट घेतले ते कोणत्याही प्रश्नाशिवाय, आणि तिथे प्रेक्षक फक्त कॅमेरामनच्या दमाची चिंता करत बसतो.

एक चित्र, दोन आवाज

आता मूळ मुद्दा. वेल्सने १९५७ मध्ये चित्रीकरण पूर्ण केलं, पण संकलन त्याच्या हातून गेलं. युनिव्हर्सल स्टुडिओने चित्रपट आपल्या पद्धतीने जोडला, काही प्रसंग दुसऱ्या दिग्दर्शकाकडून नव्याने चित्रित करून घेतले. हे सगळं पाहिल्यावर वेल्सने स्टुडिओला ५८ पानांचं टिपण लिहिलं. तारीख ५ डिसेंबर १९५७. त्यातल्या काही सूचना मानल्या गेल्या, बऱ्याच नाहीत. न मानलेल्या सूचनांपैकी एक या पहिल्या शॉटबद्दल होती. त्यावर श्रेयनामावली नको आणि सलग पार्श्वसंगीतही नको, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला हवे होते त्या गावाचे आवाज: दर बारच्या दारावर लावलेल्या कर्ण्यांतून येणारी, एकमेकांवर आदळणारी गाणी.

१९५८च्या आवृत्तीत शॉट सुरू होतो आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत वाजू लागतं. बोंगोचा ठेका, त्यावर ब्रासचे, म्हणजे पितळी वाद्यांचे, फटकारे. संगीत म्हणून ते झकास आहे, आजही स्वतंत्रपणे ऐकावं असं, आणि ठेक्यात एक टिकटिक आहे हेही मान्य. पण दृश्याशी ते काय करतं? सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते एकाच ठिकाणी असतं, म्हणजे कुठेच नसतं. गाडी जवळ आहे की लांब, याचा त्याला पत्ता नाही. काहीतरी भयंकर होणार आहे एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगतं, आणि ते आपल्याला आधीच माहीत असतं.

श्रेयनामावलीचं नुकसान आणखी मोठं आहे. अक्षरं आली की डोळा ती वाचतो. त्याला इलाज नाही. फ्रेमच्या मध्यावर नाव झळकतं तेव्हा मागे गाडी कुठे गेली हे क्षणभर सुटतं. गाडी सुटणं हेच तर दृश्याचं इंजिन, मग तोटा काय, असं कोणी म्हणेल. फरक असा की तिथे गाडी गर्दीने किंवा इमारतीने लपवलेली नसते, अक्षरांनी लपवलेली असते. ती गावातली अडचण नाही, छापखान्याची आहे. शिवाय नावं चालू आहेत म्हणजे चित्रपट अजून सुरू व्हायचाय, हा प्रेक्षकाचा जुना अंदाज असतो. ज्या तीन मिनिटांत सगळं घडतंय, तीच तीन मिनिटं त्याला प्रस्तावना वाटतात.

१९९८चं काम निर्माता रिक श्मिडलिनच्या पुढाकाराने आणि वॉल्टर मर्चच्या हातून झालं. मर्च संकलक आणि ध्वनिरचनाकार अशा दोन्ही भूमिकांत वाकबगार, त्यामुळे हे त्याच्याकडे जाणं योग्यच होतं. वेल्सचं निधन १९८५ मध्ये झालेलं, तेव्हा या आवृत्तीला दिग्दर्शकाची आवृत्ती म्हणता येत नाही. टिपणाच्या आधाराने केलेली आवृत्ती एवढंच म्हणता येतं. तिच्यात पहिल्या शॉटवरची अक्षरं गेली, मॅन्सिनीचं शीर्षकसंगीत गेलं. उरले ते रस्त्याचे आवाज: या दारातून एक गाणं, पुढच्या दारातून दुसरं, पावलं, हॉर्न, शेळ्या. आणि गाडीचा रेडिओ.

हा रेडिओ नीट ऐका. गाडी जवळ आली की त्यातलं गाणं मोठं होतं, लांब गेली की विरतं, इमारतीमागे गेली की दबतं. दोन-चार वेळा हे झालं की कान ते गाणं ओळखू लागतो. मग कॅमेरा व्हर्गास पती-पत्नींवर असताना, गाडी फ्रेममध्ये कुठेही नसताना, मागून तेच गाणं हळूहळू वाढायला लागतं. छातीत धस्स होतं ते तिथे. पडद्यावर दोन माणसं हसत चालली आहेत, बाकी काही नाही. बॉम्ब कुठे आहे ते डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. जुन्या आवृत्तीतही गाडी नेमकी त्याच वेळी मागून येते, पण बोंगोच्या खाली ते येणं ऐकूच येत नाही. गाडी फ्रेममध्ये शिरते तेव्हाच दिसते.

हे दोन्ही एकापाठोपाठ पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं: या दृश्यातला ताण संगीताच्या तीव्रतेवर अवलंबून नाही, आवाजाला जागा असण्यावर अवलंबून आहे. आवाज कुठून येतोय हे कळलं की प्रेक्षक अंतर मोजू लागतो, आणि अंतर मोजणारा प्रेक्षक गाफील राहू शकत नाही.

एक आक्षेप रास्त आहे. १९९८ची आवृत्ती पाहणाऱ्या बहुतेकांना गोष्ट आधीच माहीत असते. बॉम्ब फुटणार हे ठाऊक असलेला रसिक रेडिओकडे लक्ष देईल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला गाण्यांच्या त्या गलक्यात रेडिओ वेगळा जाणवेलच असं नाही. मॅन्सिनीचं संगीत निदान सरसकट सगळ्यांपर्यंत पोहोचतं. हे मान्य करूनही मी नव्या आवृत्तीच्या बाजूने आहे, कारण गलका हाही ताणाचाच भाग आहे. या गोंगाटात कोणी टिकटिक ऐकणार नाही, हे प्रेक्षकाला न सांगता कळतं.

चौकीवरची माहिती

चौकीच्या प्रसंगात पटकथेचं काम उरकून घेतलंय, आणि ते शिकण्यासारखं आहे. व्हर्गास कोण, तो कोणत्या अमली पदार्थांच्या टोळीच्या मागे आहे, बरोबरची बाई त्याची बायको आहे आणि लग्न नुकतंच झालंय, गाडीवाल्याचं नाव लिनेकर, हे सगळं तिथल्या गप्पांत येतं. एरवी असे संवाद प्रेक्षकाला जांभई आणतात. इथे शेजारी बॉम्ब उभा आहे, म्हणून आपण प्रत्येक वाक्य ऐकतो आणि प्रत्येक वाक्यावर चरफडतो. जी माहिती द्यायचीच होती, तिलाच अडथळ्याचं काम दिलं.

त्यातच गाडीतली बाई डोक्यात टिकटिक होतेय अशी कुरकुर करते. शिपाई तिकडे लक्ष देत नाही, शेजारचा लिनेकरही नाही. सबंध शॉटमध्ये सत्याच्या जवळ पोहोचलेलं हे एकच पात्र, आणि तिचं म्हणणं कोणी कानावर घेत नाही. हा संवाद मला थोडा भडक वाटतो. प्रेक्षकाला बॉम्बची आठवण करून द्यायची गरज नव्हती. पण तिच्याकडे झालेलं दुर्लक्ष इतकं सहज आहे की ते खपून जातं.

हा शॉट रात्रभर पुन्हा पुन्हा घेतला गेला आणि चौकीवरच्या शिपायाचं काम करणारा नट ऐन शेवटी संवाद चुकत राहिला, असं त्या चित्रीकरणाबद्दल सांगितलं जातं.

पहिला कट

स्फोट आपल्याला दिसत नाही, ऐकू येतो. कॅमेरा त्या वेळी चुंबनाच्या बेतात असलेल्या जोडप्यावर असतो. दोघं दचकून बघतात आणि तेव्हा चित्रपटातला पहिला कट होतो: आगीत उडालेली गाडी. तीन मिनिटं ज्या कटची उणीव आपल्याला जाणवलीही नव्हती, तो आला की एकदम मोकळं झाल्यासारखं वाटतं. जीव भांड्यात पडतो आणि त्याच क्षणी दोन माणसं मेलेली असतात.

हिचकॉकने 'सॅबोटाज'मध्ये (१९३६) पोराच्या हातातला बॉम्ब फुटू दिला आणि ती आपली चूक होती असं पुढे स्वतःच म्हटलं. इतका ताण दिल्यावर प्रेक्षकाला सुटका द्यायला हवी होती, असं त्याचं मत. वेल्सचाही बॉम्ब फुटतो, तरी प्रेक्षक चिडत नाही. कारण त्याचा जीव ज्यांच्यात गुंतला ते वाचलेले असतात. गाडीतून पायी चालणाऱ्यांकडे कॅमेऱ्याने जी बदली केली, तिचा हिशेब इथे चुकता होतो.

कटनंतर शैली पार बदलते. सफाईदार क्रेन जाते, कॅमेरा धावपळ करू लागतो, माणसं एकमेकांवर ओरडतात. सुरुवातीलाच एवढा ताण खर्चून टाकल्यावर पुढे काय, हा प्रश्न अनेक थ्रिलरना दहाव्या मिनिटाला गाठतो, आणि मग ते दुसरा बॉम्ब आणतात. इथे तशी वेळ येत नाही, कारण शॉटमध्ये एक गोष्ट आधीच पेरलेली आहे. बॉम्ब ठेवला मेक्सिकोच्या हद्दीत, फुटला अमेरिकेच्या हद्दीत. मग तपास कोणाचा? व्हर्गास म्हणतो, यात माझ्या देशाचाही संबंध आहे. आणि पलीकडून एक गाडी येऊन थांबते, दार उघडतं, कॅमेरा अगदी खालून पाहत असतो, आणि त्यातून अवजड देहाचा पोलीस कॅप्टन हँक क्विनलन, म्हणजे खुद्द ऑर्सन वेल्स, कसाबसा बाहेर पडतो. इथून पुढचा चित्रपट या दोघांचा आहे. लिनेकरला कोणी मारलं यात त्याला फारसा रस नाही.